आपल्यासाठी काहीच नसलेलं दुकान

खुशालभाऊंच्या सायकल दुरुस्तीच्या खोलीवर एका सकाळी रंगीत फुगे लटकले, आणि गोरेगावच्या बस स्टँडवर उभी असलेली माणसं बस पाहायची सोडून फुगेच पाहत राहिली. गोंदियाची गाडी आली आणि तशीच गेली. दोन हजार सात सालचा चैत्र होता. लग्नसराई तोंडावर आली होती, मोहाची फुलं गळून संपली होती आणि आमच्या गावाकडे बोलायला विषय नव्हता. तो त्या दिवशी मिळाला.

फुग्यांच्या वर पाटी होती : समीक्षा गिफ्ट सेंटर. समीक्षा म्हणजे खुशालभाऊंची मुलगी. दोन वर्षं नागपुरात अशाच एका दुकानात काम करून परत आलेली. सकाळी बुद्धवंदना झाली, तिच्या आईने, कुसुमबाईंनी, साऱ्या रस्त्याला खीर वाटली. खुशालभाऊ मात्र दुकानात गेले नाहीत. त्यांनी आपला पंप आणि पंक्चरची पाटी उचलून बाहेर कडुनिंबाखाली मांडली, एक खोकं उपडं घातलं आणि बसले. "माह्या हाताले गिरीस आहे," एवढंच म्हणाले.

बाजाराला आलेली एक बाई धीर करून पहिली आत शिरली. आम्ही खिरीचे द्रोण धरून दाराशी उभे होतो.

"काय काय मिळते व बाई तुह्या दुकानात?"

"गिफ्ट आहेत मावशी. दुसऱ्याले द्यासाठी."

"आन आपल्यासाठी?"

"आपल्यासाठी काही नाही."

"मंग पैसे कोन देते?"

"आपनच."

बाईने एकदा भिंतीवरच्या आरशांकडे, मेणबत्त्यांकडे, काचेच्या हरणांकडे पाहिलं. मग बाहेर येऊन तिने निकाल दिला. "पोरगी चांगली आहे. पन दुकान अधुरं आहे."

आमच्या शेजारी निवृत्त ग्रामसेवक उमरावजी राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे साठलेल्या सूचनांना वाट नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे समीक्षाला चार-पाच दिल्या. एका बाजूला थोडा किराणा ठेव. झेरॉक्सची मशीन ठेव. पावसाळ्यात युरिया ठेव, युरियाला मरण नाही. "हरिन कोन घेते?" ते म्हणाले. "आमाले हरिन फुकट दिसते, नागझिऱ्याच्या जंगलात गेलं का."

समीक्षाने सारं ऐकून घेतलं आणि त्यांना अजून एक द्रोण खीर दिली. मला ती पोरगी तेव्हाच आवडली. उमरावजींना गप्प करायची ही तोड मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

पण खरं बोलले ते नंदलालजी. त्यांचं समोरच भांड्यांचं दुकान. आमच्या भागात आहेर म्हणजे भांडं, भांड्यावर नाव आणि नाव माइकवर. पाण्याचा गुंड घ्या, ताट घ्या, परातीसारखा कोपर घ्या. नंदलालजी विजेच्या सुईने त्यावर कुर्रकुर्र तुमचं नाव कोरतात, आणि मग मांडवात माइकवरून साऱ्या गावाला कळतं की कोणी काय दिलं. एकदा कोरलेलं नाव पुढे संसारभर पुरतं. आमच्या घरी वरण उमरावजींत शिजतं, पाणी बायकोच्या मामात भरलेलं असतं, आणि ज्या साडूशी माझं बोलणं बंद आहे त्याच्या ताटात मी रोज दोन वेळा जेवतो.

"गुरुजी," नंदलालजी मला म्हणाले, "लडकी होशियार है. पण बंद डब्बा माइकवर कसा सांगनार? एक नग चमकीला कागद?"

लोक हसले. समीक्षाही थोडीशी हसली, पण तिने काउंटरवरची रिबन उगाच उलगडून पुन्हा गुंडाळली. बाहेर कडुनिंबाखाली खुशालभाऊ कोणाच्या तरी चाकात हवा भरत होते. पंप न थांबवता ते शांतपणे म्हणाले, "लग्नसराई होऊन जाऊ द्या. नाही चाललं तर खोली मोबाइलवाल्याले देऊन टाकतो. तो दोनदा पाहून गेला."

आता मी हायस्कुलात मराठी शिकवतो. चारचौघांत बोलायची सवय असलेल्या माणसाने अशा वेळी गप्प बसावं. पण मी खिरीचा द्रोण खाली ठेवला आणि जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न आहे, कोहमाऱ्यापलीकडे, आणि त्यात मी आहेर नेणार तो ह्याच दुकानातला. बंद. कागदात.

त्याचा परिणाम मला वाटला तसा झाला नाही. जे दोघे-तिघे काही घ्यायच्या विचारात होते तेही थांबले. "सरांचं काय होते ते पाहू," ते म्हणाले, "मंग आपलं ठरवू." म्हणजे त्या पोरीची सारी लग्नसराई माझ्या एका डब्यावर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको मंजू दुकानात गेलो. मला वाटलं, बोट दाखवायचं आणि बांधून घ्यायचं. पण समीक्षाची रीत वेगळी होती. वस्तू दाखवायच्या आधी ती स्टूल पुढे करायची आणि विचारायची.

"सर, नवरी कशी आहे? बोलकी का गप्प?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"तिले काय आवडते?"

मी त्या मुलीला पाळण्यात असल्यापासून ओळखतो. तिला बारावीत मराठीत किती गुण पडले तेही मला पाठ आहे. पण तिला काय आवडतं, हे मी छताकडे पाहून शोधू लागलो. मंजूच म्हणाली, "तिले पाखरं आवडते. तलावाच्या पारीवर बसून राहे तासन्‌तास, पाखरं ऐकत. आता पोरगी देल्ली गोंदियात, फुलचूरले. तिथं कुठली पाखरं, गाड्याच गाड्या."

समीक्षाने वरच्या फळीवरून एक घड्याळ उतरवलं. गोल, लाकडी रंगाचं, कडेला हिरवी पानं आणि वर एक पिवळं पाखरू. तिने मागची छोटी कळ दाबली आणि पाखरू गायलं. त्या पत्र्याच्या खोलीत, पंक्चरच्या सोल्यूशनचा वास अजून भिंतीतून गेला नव्हता तिथे, कोणीतरी पहाट उघडावी तसा तो आवाज होता. "दर तासाले बोलते," ती म्हणाली, "आन मागची कळ दाबली का मधातही बोलते."

मंजूने पदर सावरला आणि मान हलवली. ठरलं.

इथे मी दोन सूचना केल्या. सेल आत टाकूनच द्या. नव्या नवरीने पहिल्याच दिवशी सेल शोधत फिरायचं का? आणि कागद असा ताठ बसवा की एक सुरकुती दिसायला नको. समीक्षा म्हणाली, "सर, सेल बाजूले ठेवला असता तर बरं होतं." पण मी मास्तर माणूस, एकदा दिलेली सूचना परत घेत नाही.

तिने बांधायला घेतलं. मी लहानपणी आईला धानाच्या पेंढ्या बांधताना पाहिलं आहे, एकीसारखी एक. तसे तिचे हात चालत होते. निळा कागद, त्यावर चांदीचे ठिपके, कोपरे दुमडले ते पानाच्या घडीसारखे, आणि वर रिबनचं फूल. कात्रीच्या धारेवरून रिबन ओढली की ती आपोआप वळत होती. दाराशी जमलेली माणसं पुढे सरकली. नंदलालजी रस्ता ओलांडून आले, पाहिलं आणि म्हणाले, "हात में सफाई है." मग डब्याची दुसरी बाजू पाहून, "नाव कुठे?"

समीक्षाने बोटाएवढी चिठ्ठी फुलाखाली लावली. "हे नवरा-नवरीच उघडतीन, घरी. तवर कोनाले सांगू नका, सर. आत काय आहे ते आधीच समजलं तर मंग बांधलं कायले?"

मी शब्द दिला.

लग्नाच्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. डबा माझ्या मांडीवर. गोरेगाव सुटलं, पहिला खड्डा आला, गाडी उडाली, डबा माझ्या पोटाशी दाबला गेला आणि आतून पाखरू गायलं.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. दुसऱ्या खड्ड्यावर ते पुन्हा गायलं. त्या वर्षी त्या रस्त्यावर खड्डे कसे होते हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आमच्या गाडीत अखंड मैफल सुरू झाली. ताठ कागदाखाली ती कळ अशी बसली होती की जरा धक्का लागला की दबायची. पुढच्या बाकावरचा म्हातारा मागे वळला.

"तितर आहे काय गा?"

"नाही."

"मैना असन," त्याच्या शेजारचा म्हणाला. "तितर असं नाही बोलत."

"जितं आहे ना पन? हवेले भोक नाही ठेवलं डब्याले. मरन ना बिचारं."

कंडक्टर आला. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, पाखराचं लगेज लागते."

"पाखरू नाही, वस्तू आहे."

"कोनती?"

आता शब्द दिला होता. मी म्हणालो, "ते सांगता येत नाही." एका शिक्षकाने भर गाडीत हे वाक्य म्हटल्यावर त्याच्याकडे लोक कसे पाहतात ते मला त्या दिवशी कळलं. मंजूने तोंडाला पदर लावला होता. ती रडत असेल असं मला वाटलं. ती हसत होती.

मी लगेजचं तिकीट काढलं. पण प्रकरण तिथे संपलं नाही. जंगलात वनखात्याचा नाका लागला, गाडी थांबली, आणि तपासायला चढलेला गार्ड आमच्या बाकाशी येतो न येतो तोच मागच्या माणसाने पिशवी सरकवली, माझ्या कोपराला धक्का लागला आणि पाखराने त्याचं स्वागत केलं.

"उघडा," गार्ड म्हणाला.

"नाही उघडता येत."

"काऊन नाही? जंगलातलं पाखरू नेनं गुन्हा आहे, मास्तर. शाळेत शिकवता ना?"

सारी गाडी आमच्याकडे वळली. म्हाताऱ्याने मात्र माझ्या बाजूने सांगितलं, "पाखरू चांगलं आहे साहेब, गरीब आहे." हे ऐकून गार्डचा संशय पक्का झाला. तेव्हा मंजूने माझ्या मांडीवरून डबा उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"उघडा भाऊ. लगनाचा आहेर आहे. पन झाल्यावर असाच बांधून द्या."

गार्डने डबा डोळ्यांसमोर धरला. कागदाच्या पानासारख्या घड्या पाहिल्या. रिबनच्या फुलाला एका बोटाने हात लावला. ते हललं आणि परत जागी बसलं. त्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग पुन्हा फुलाकडे.

"कोनी बांधलं हे?"

"गोरेगावची पोरगी आहे. नवीन दुकान आहे, बस स्टँडपाशी."

त्याने डबा कानाशी नेला, हलकेच दाबला, पाखरू गायलं; पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो दाबू लागला तेव्हा तपासणी संपली असून हौस सुरू झाली आहे हे गाडीतल्या साऱ्यांना कळलं होतं. "सेलवर चालते वाटते," तो ओशाळून म्हणाला आणि दोन्ही हातांनी डबा मंजूला परत दिला. उतरताना विचारलं, "दुकान रविवारी खुलं राहते काय?"

मांडव तलावाच्या काठी होता. तलाव खोदणाऱ्या आमच्या कोहळी लोकांच्या गावात गाव आधी की तलाव आधी हे कोणी विचारत नाही. उन्हाळ्याने पाणी मागे सरकलं होतं, पण पारीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांखाली सावली दाट होती. लग्न लागलं. जेवणं सुरू झाली आणि आहेराच्या टेबलाशी ईश्वरदासने माइक हातात घेतला. ईश्वरदास दंडारीच्या नाटकात राजाचं काम करायचा, त्यामुळे साधं ताटही तो राज्य जिंकून आणल्यासारखं पुकारायचा. "मुक्काम सौंदड, एक गुंड! मुक्काम चिखली, एक कोपर!"

माझा डबा त्याच्यासमोर आला. त्याने फिरवून फिरवून पाहिला.

"कापगते सर, काय आहे ह्याच्यात?"

"गिफ्ट आहे."

"पन काय आहे?"

"ते घरी उघडायचं."

"सर, मी नग सांगतो. नग समजल्याबिगर मी नाव कसं घेऊ?" त्याने माइकवर हात ठेवला होता, पण पुरता नाही, त्यामुळे हे सारं भोंग्यातून तलावापार जात होतं. "काना-काना सांगा."

गोरेगावचे चार वऱ्हाडी पंगतीत बसले होते. चौघांचे हात पानावर थांबले. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "नंदलाल हेच म्हनत होता." मला समीक्षाची उगाच उलगडलेली रिबन आठवली. कानात सांगितलं असतं तर माझं नाव पुकारलं गेलं असतं, पण बंद डबा चालत नाही हे नंदलालजींचं म्हणणंही उद्या गावभर झालं असतं. माझा मेहुणा भूपेंद्र धावत आला. "भाऊजी, सांगून टाका ना बाप्पा. लोक म्हनतीन, रिकामा डबा आणला."

"रिकामा?" मी म्हणालो. माझा आवाज थोडा चढला असावा.

"तसं नाही, पन—"

ईश्वरदासला वाटलं, आपणच ओळखावं. त्याने डबा माइकजवळ धरला आणि कानाशी लावून हलवला.

पाखरू गायलं. भोंग्यातून गायलं. साऱ्या मांडवावरून, जेवणाच्या पंगतींवरून, सुकत चाललेल्या तलावाच्या पाण्यावरून तो आवाज गेला, आणि पलीकडच्या पारीवरून, आंब्यातून की जांभळीतून कोण जाणे, एका खऱ्या पाखराने उत्तर दिलं.

वाढणारे वाढायचे थांबले. नवरीने खालची मान वर केली. सकाळपासून ती रडून रडून लाल झाली होती. आता तिने आधी झाडांकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि तिच्या आत्याकडे, मंजूकडे, पाहून तिला हसू आलं. त्या हसण्यासाठी मी एसटीत लगेजची आणखी चार तिकिटं काढली असती.

माझ्या सासूबाई, शांतीबाई, बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. लगनाची गाणी त्यांना कोणी सुचवावी लागत नाहीत. त्यांनी गुडघ्यावर हात आपटला आणि उचललं :

"गुंड आणला मामानं, पानी भरीन भरीन,
डबा आणला आत्यानं, मनामंदी धरीन."

बायकांनी झेललं. शांतीबाईंनी नवरदेवाकडे पाहून पुढचं टाकलं :

"बंद बंद डब्यामंदी कोन बोलते पाखरू,
सोडाची घाई बाई, नोको नवऱ्या करू."

मांडव हसला. नवरदेवाने हात जोडले. ईश्वरदास इतका हरखला की त्याने माइक सरळ सासूबाईंपुढे धरला, आणि मग आहेर राहिला बाजूला, गाणंच चाललं.

सारं छान झालं. फक्त एक गोष्ट झाली नाही, आणि ती परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आली. माझं नाव माइकवर आलंच नाही. सौंदडचा गुंड पुकारला, चिखलीचा कोपर पुकारला. माझ्या डब्याची ओवी झाली, आणि त्या ओवीत आत्या होती.

"काऊन गप्प बसले?" मंजूने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. मांडीवर डबा नव्हता, तरी प्रत्येक खड्ड्याला माझे कान उभे राहत होते.

मी पोचायच्या आधी गोष्ट गोरेगावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी समीक्षाच्या दुकानात स्टूल कमी पडलं. उमरावजी तर सांगत सुटले होते की बंद डब्याची कल्पना मुळात त्यांचीच. आणि गंमत अशी की लोकांना आता गुंडही हवा होता आणि कागदही. नंदलालजींकडे नाव कोरायचं आणि रस्ता ओलांडून समीक्षाकडे बांधायला आणायचं. गुंडाला कागद बांधणं म्हणजे काय हे बांधून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पोट आवरलं तर गळा उघडा पडतो. पण समीक्षाने लाल कागदाच्या चुण्या घालत घालत गळ्याशी अशी रिबन बांधली की तो गुंड अक्षता पडायच्या आधीच्या नवरीसारखा उभा राहिला. नंदलालजी कौतुकाने म्हणाले, "बेटी, पहले मालूम होता तो मैं इतनी अच्छी जगह नाव नाही कोरलं असतं. सब झाकून गेलं."

पण खुशालभाऊ अजून बाहेर कडुनिंबाखालीच बसत होते. लग्नसराई संपत आली. मोबाइलवाला तिसऱ्यांदा येऊन खोलीकडे पाहून गेला. मी दुकानात गेलो होतो. खरं सांगायचं तर माझं नाव पुकारलं गेलं नाही ही तक्रार कोणाकडे तरी करावी म्हणून. मी स्टुलावर बसून तोंड उघडणार, तेवढ्यात दारात खुशालभाऊ उभे राहिले.

त्यांचे हात ओले होते. हातपंपावर कोंडा आणि साबण लावून घासले असावेत, कोपरापर्यंत लाल झाले होते. चपला बाहेर काढून ते आत आले. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा.

"एक गिफ्ट बांधून पाह्यजे," ते म्हणाले.

समीक्षाने हातातली रिबन खाली ठेवली. मी उठलो, मग तिने स्टूल पुढे केलं. "कोनासाठी?"

"एका पोरीसाठी."

"बोलकी आहे का गप्प?"

"कामापुरती बोलते. लहानपनी लय वाजवे."

"काय वाजवे?"

"दुकानातल्या साऱ्या घंट्या. गिऱ्हाईक नसलं तरी वाजवे. म्हने, बाबा, वाजवलं का कोनी येते." खुशालभाऊंनी खिशातून सायकलची घंटी काढून काउंटरवर ठेवली. कोरी, चकचकीत, एकही डाग नसलेली. "हे बांध. आन तो मोबाइलवाला आला तर सांग, खोली रिकामी नाही म्हनून."

समीक्षाने कागद निवडायला पाठ फिरवली आणि बराच वेळ लावला. मग बांधलं. तेवढ्याशा घंटीला तिने घडीवर घडी घालत बांधलं, वर फूल लावलं आणि बापाच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तसंच तिला परत दिलं.

तिने कागद न फाडता उघडला, घडी करून गल्ल्याशेजारी ठेवला. घंटी आता काउंटरला बसवलेली आहे. येणारं गिऱ्हाईक वाजवतं.

मी दाराकडे निघालो होतो. अशा वेळी तक्रार काढणं बरं दिसत नाही. पण समीक्षाने डोळे पुसून मला हाक मारली. "सर, तुमी कायले आले होते? तुमाले काय पाह्यजे?"

"गिफ्टच," माझ्या तोंडून गेलं. "तुझ्या काकूसाठी."

"बसा. काकूले काय आवडते?"

मी छताकडे पाहिलं. पत्र्याकडे पाहिलं. काचेच्या हरणाकडे पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो, आणि घरी आलो. मंजू साडूच्या ताटात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो, घसा साफ केला आणि विचारलं, "मंजू, तुला काय आवडतं?"

तिने तांदूळ बाजूला सारले, हात पदराला पुसला आणि माझ्या कपाळावर ठेवला.

"काऊन?" ती म्हणाली. "उन्ह लागलं काय?"